आजीच्या आजीचा दाखला

१९५३ साली इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, एक छोटासा कायदा मंजूर केला. देशातल्या ज्यूंच्या विवाहावर आणि घटस्फोटावर फक्त रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयांचा अधिकार चालेल आणि हे दोन्ही विधी तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या, नियमांप्रमाणेच होतील, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी दिल्लीत आपल्या संसदेने विशेष विवाह कायदा केला. नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचं, तीन साक्षीदार घेऊन विवाह अधिकाऱ्यापुढे सही करायची. धर्म कोणता, जात कोणती, हे विचारायचं कारण उरलं नाही. दोन्ही देश नवे होते. दोघांचेही पंतप्रधान देवळा-सिनेगॉगच्या वाटेला फारसे न जाणारे. लग्नाची किल्ली कोणाच्या हाती द्यायची, या एका प्रश्नावर मात्र दोघांनी अगदी उलट उत्तरं दिली.

या दोन उत्तरांमधला फरक अंगावर झेलला तो आपल्या कोकणातल्या मराठी माणसांनी. ते बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी ज्यू. पेणकर, रोहेकर, झिराडकर, किहीमकर, दिवेकर, घोसाळकर अशी गावाची नावं मिरवणारी ही माणसं १९४८ नंतर मुंबईहून बेरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा गावी जाऊन राहिली. तिथे त्यांना नागरिकत्व मिळालं, मताचा हक्क मिळाला, मुलं सैन्यात गेली. लग्नाची नोंद करायला रब्बीच्या कचेरीत पाऊल टाकलं, आणि त्यांच्या ज्यू असण्याचीच चौकशी सुरू झाली.

कोकणात हा प्रश्न शतकानुशतकं कोणी विचारला नव्हता. परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि वाहून आलेली प्रेतं तिथेच किनाऱ्यावर पुरली. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांनी अष्टागरात तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची, 'शेमा' ही प्रार्थना म्हणायची, ठरावीक मासळी खायची नाही, एवढं त्यांनी जपलं. बाकीचं कोकणाने भरून काढलं. सणांना त्यांनी घरगुती मराठी नावं दिली. दिवसभर दारं लावून उपास करायचा तो दारफाळणीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास सोडताना वालाचं बिरडं खायचं, म्हणून तो बिरड्याचा रोजा. नवस फेडायला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा: गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, वर फळं. ताटाभोवती सगळे बसले की प्रार्थना हिब्रूत आणि गप्पा मराठीत.

या समाजाची पहिली धर्मपरीक्षाही मासळीवरच झाली, असं ते सांगत आले. दाविद रहाबी नावाचा एक विद्वान ज्यू व्यापारी कोकणात आला. त्याला शंका आली, की हे आपलेच लोक असावेत. त्याने बायकांना मासळी दिली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी घेतली, बाकीची बाजूला सारली. सातपाटीच्या बाजारात बसणाऱ्या कोणाही बाईला हा निवाडा सांगावा लागणार नाही: पापलेट, रावस, बोई एका अंगाला, शिंगाळा, कोळंबी, खेकडे दुसऱ्या अंगाला. रहाबीची खात्री पटली. त्याने तीन घरांतल्या मुलांना धर्मविधी शिकवले आणि त्या घराण्यांकडे काजीपण आलं. ही कथा इतिहासाच्या कोणत्या शतकात बसवायची यावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातले आहेत. मला त्यातली परीक्षेची रीत महत्त्वाची वाटते. त्या विद्वानाने कागद मागितला नाही. चुलीपाशी काय चालतं ते पाहिलं आणि माणसं ओळखली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. बेने इस्रायलांमध्ये रब्बी कधीच नव्हते. सिनेगॉगात प्रार्थना चालवायला हजान असे; समाजाचा कारभार मुकादम, चौगुला आणि पंच मंडळी पाहत. भांडण, मोडलेला संसार, वाळीत टाकणं, परत घेणं, सगळं जमातीपुढे होई. सामाजी हसाजी दिवेकर या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईत मांडवी भागात या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. 'शाअर हारहमिम' हे त्याचं नाव, पण लोकांच्या तोंडी ती जुनी मशीदच राहिली आणि तिच्यावरूनच मस्जिद बंदर स्टेशनचं नाव पडलं असं समाज सांगत आला. तिथेही गादीवर धर्मगुरू नव्हता. धर्म होता, धर्मपीठ नव्हतं.

धर्मपीठाच्या हाती राज्याची काठी आली म्हणजे काय होतं, ते मात्र कोकणच्या याच किनाऱ्याने जवळून पाहिलं होतं. आमच्या तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांचा. माहीम-केळवे, डहाणू, वसई हा सगळा पट्टा १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेईपर्यंत त्यांच्या अंमलाखाली होता आणि १५६० पासून गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाचा, धाक या मुलखावरही होता. पोर्तुगालमध्ये जबरदस्तीने ख्रिस्ती केलेले ज्यू इथे आले तरी त्यांच्यावर पाळत असे. गार्सिया द ओर्ता या प्रसिद्ध वैद्याकडे मुंबई बेटाचा मक्ता होता. भारतीय औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. तो वारल्यावर त्याच्या बहिणीला जाळण्यात आलं आणि पुढे १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडंही उकरून जाळली. चोरून ज्यू धर्म पाळल्याचा आरोप होता. त्याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला शनवार तेली निर्धास्त शनिवार पाळत होते आणि आरोन चुरीकरांसारखा त्यांच्यातला एक जण पुढे आंग्र्यांच्या आरमारात नायक झाला.

म्हणून कोकणात सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं असं म्हणणं खरं होणार नाही. बेने इस्रायलांनी आपल्यातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन तट पाडले होते. ज्यांच्या वंशात बाहेरच्या बाईचं रक्त आलं अशी समजूत, ते काळे. त्यांच्याशी रोटीव्यवहार जपून, बेटीव्यवहार नाहीच. शेजारच्या जातिव्यवस्थेचं हे वाण त्यांना चांगलंच लागलं होतं. आणि मग एकोणिसाव्या शतकात बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू व्यापारी मुंबईत स्थिरावले, तेव्हा हेच माप गोऱ्या-काळ्या साऱ्या बेने इस्रायलांना लागू झालं. आधी दोघं एकाच सिनेगॉगात प्रार्थना करत, एकाच कब्रस्तानात पुरत. १८३६ साली बगदादींनी सरकारकडे अर्ज करून कब्रस्तानात मध्ये भिंत मागितली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्या दहांत बेने इस्रायलांना धरायला ते तयार नसत. रंगूनच्या सिनेगॉगात तर मतदानाचा हक्क नाकारल्यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि १९३५ साली ब्रिटिश न्यायाधीशाने बेने इस्रायलांच्या बाजूने निकाल दिला. शंका जी होती ती हीच: यांनी घटस्फोट शास्त्राप्रमाणे दिले का? यांच्यात बाहेरच्या बायका आल्या का? तीस वर्षांनी जेरुसलेममध्ये हेच दोन प्रश्न जसेच्या तसे उभे राहिले.

इस्रायलमध्ये ही शंका सरकारी झाली, त्याचं कारण राज्य स्थापन होण्याआधीच्या एका पत्रात आहे. १९४७ साली पॅलेस्टाईनच्या भवितव्याचा विचार करायला संयुक्त राष्ट्रांची समिती नेमली गेली होती. तिच्यापुढे ज्यूंनी एका आवाजात बोलावं ही पुढे पंतप्रधान झालेल्या डेव्हिड बेन-गुरियन यांची निकड होती. कर्मठांचा अगुदात इस्रायल हा पक्ष बाहेर राहिला असता तर पंचाईत झाली असती. त्यामुळे १९ जून १९४७ रोजी बेन-गुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पक्षाला लेखी आश्वासन दिलं. शनिवार हा सुट्टीचा दिवस राहील, सरकारी भोजनगृहांत कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम, पाळलं जाईल, धार्मिक शाळांची स्वायत्तता राहील, आणि विवाहाच्या बाबतीत समाजाची फाळणी होऊ नये म्हणून धार्मिकांची गरज भागवली जाईल. बेन-गुरियन स्वतः धर्म पाळणारे नव्हते. राज्य उभं करण्याच्या घाईत दिलेली ही किंमत थोडी आहे, असं त्यांना वाटलं असावं. पण १९५३ च्या कायद्याने ती कायमची झाली आणि ती भरण्याची पाळी ज्यांच्यावर आली त्यांना १९४७ साली कोणी विचारलंच नव्हतं.

बेने इस्रायल भारतातून छळाला कंटाळून गेले नव्हते. इथे त्यांना कोणी ज्यू म्हणून त्रास दिला नाही, हे ते आजही आवर्जून सांगतात. काही श्रद्धेने गेले, काही इंग्रज गेल्यावर रेल्वे-पोस्ट-कस्टमच्या नोकऱ्यांचं काय होणार या काळजीने गेले, काही तरुण ज्यू चळवळीच्या ओढीने. तिथे पोचल्यावर वाळवंटातलं काम वाट्याला आलं आणि रंगावरून वागणूकही. १९५१ साली बेरशेबाच्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये स्थलांतरितांची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या दारात धरणं धरलं. आम्हाला परत पाठवा, अशी मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना खरोखरच विमानाने भारतात आणण्यात आलं. पुढे त्यांच्यातले बरेच पुन्हा इस्रायलला गेले. धरणं, उपोषण, सत्याग्रह ही मुंबईतून सोबत नेलेली शिदोरी होती. ती पुन्हा लागणार होती.

लग्नाचं प्रकरण सुरुवातीला एकेका रब्बीच्या मर्जीवर चाललं होतं. एका गावचा नोंद करी, दुसऱ्या गावचा नाकारी. नाकारणाऱ्याचं म्हणणं समजून घ्यायला हवं, कारण ते निव्वळ द्वेषाचं नव्हतं. ज्यू धर्मशास्त्रात विवाहित स्त्रीला नवऱ्याने रीतसर घटस्फोटपत्र दिलं नाही आणि तिने दुसरं लग्न केलं, तर त्या दुसऱ्या लग्नाची संतती 'मामझेर' ठरते. तिच्या पुढच्या पिढ्यांनाही इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. निपुत्रिक विधवेलाही दुसऱ्या लग्नाआधी दिराकडून सुटकेचा विधी करून घ्यावा लागतो. कोकणात रब्बी नव्हते, म्हणजे शास्त्रोक्त घटस्फोटपत्र लिहिणारंही कोणी नव्हतं. मग शंभर वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या कोणा बाईला जमातीने सोडचिठ्ठी देऊन दुसरं लग्न लावून दिलं असेल तर? बेने इस्रायलांचं उत्तर सरळ होतं. आमच्याकडे शेजारच्या उच्चवर्णीय हिंदूंसारखाच घटस्फोट विरळा होता आणि विधवांची लग्नं तर लोक करीतच नसत. ज्या रूढीने आमच्या आजी-पणजींना जन्मभर पांढऱ्या कपाळाने जगायला लावलं, तीच आज आमच्या शुद्धतेचा पुरावा आहे. हे उत्तर देताना कोणाला बरं वाटलं नसणार.

सेफार्दी ज्यूंचे मुख्य रब्बी तेव्हा यित्झाक निस्सीम होते. त्यांचा जन्म बगदादचा. मुंबईतल्या बगदादींचा आकस ते घेऊन आले असं म्हणण्याचा मोह होतो, पण तो अन्याय होईल. अगदी कडव्या रब्बींचं मत होतं की बेने इस्रायलांशी लग्न पूर्ण निषिद्ध ठरवावं. निस्सीम यांनी जुने निवाडे जमवले, आणि १८ ऑक्टोबर १९६१ रोजी मुख्य रब्बीनेटच्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च रब्बीपीठाच्या, मंडळाने ठराव केला, की बेने इस्रायल ज्यू आहेत, त्यांच्याशी विवाहाला मनाई नाही. ठराव इथे थांबला असता तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. १९६२ साली त्याच कचेरीतून नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या. बेने इस्रायल समाजातला वर किंवा वधू आली, की तिच्या आईची, आईच्या आईची, अशी जमेल तितक्या मागच्या पिढीपर्यंत चौकशी करा. आईबाप आणि आजीआजोबांच्या घटस्फोटांची खात्री करून घ्या. शंका आली तर प्रकरण रब्बींच्या न्यायालयाकडे पाठवा.

ही सूचना कागदावर वाचायला काळजीची वाटते. टेबलाच्या या बाजूला बसलेल्या मुलीला ती कशी वाटली असेल? लग्नाची तारीख ठरली आहे. मुलगा मोरोक्कोचा किंवा रुमानियाचा. त्याच्या आईची आई कोण, हे कोणी विचारत नाही. हिला मात्र विचारतात: आईची आई कुठली? पेणची. तिची आई? झिराडची, असं ऐकलंय. तिच्या लग्नाचा कागद? कोकणातल्या खेड्यात मातीच्या घरात चार पिढ्यांमागे झालेल्या लग्नाचा कागद कुठून आणायचा? जन्ममृत्यूची नोंदवही तिथे इंग्रजांबरोबर आली. आठवण होती, नात्यातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द होता, आडनावात गाव होतं. तो शब्द गावात चालत होता. इथे दाखला हवा होता आणि दाखला नाही म्हणजे संशय.

गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल या रांगेत एकाच जागी उभे राहिले. रब्बीनेटच्या सूचनेत समाजाचं नाव होतं, तट नव्हता. कालपर्यंत दुसऱ्याच्या आजीचं रक्त तपासणाऱ्यांच्या आजीचं रक्त आता तपासलं जात होतं. त्या समाजातल्या जुन्या लोकांनी या गोष्टीचा विचार केला असेल, असं मला मनापासून वाटतं.

याच सुमाराला इस्रायलमध्ये धर्म आणि राज्य यांची ओढाताण दुसऱ्या अंगांनीही चालू होती. १९६२ मध्ये ब्रदर डॅनियल या कॅथलिक झालेल्या ज्यू साधूचा नागरिकत्वाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तोही धर्मशास्त्रावर बोट न ठेवता, सामान्य माणूस ज्यू कोणाला म्हणतो या कसोटीवर. १९६३ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं, की सायप्रसला जाऊन लावलेलं लग्न सरकारी नोंदणी अधिकाऱ्याला नोंदवावंच लागेल. पैसे असलेल्यांना त्यामुळे समुद्रापलीकडची एक पळवाट मिळाली. बेरशेबाच्या गिरणीत काम करणाऱ्या मराठी कुटुंबाला सायप्रसचं तिकीट परवडणारं नव्हतं. आणि त्यांना पळवाट नकोच होती. ते धार्मिक लोक होते. त्यांना आपलं लग्न छताखाली, रब्बीच्या हातून, आपल्याच देशात लावून हवं होतं. या लढ्याकडे धर्मनिरपेक्ष विरुद्ध धार्मिक असं पाहणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटतं. मराठी ज्यूंना रब्बींपासून सुटका नको होती. रब्बींनी आपलं मानावं, एवढंच हवं होतं.

१९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमला निघाले. बायकामुलांसह कुटुंबं ज्यूइश एजन्सीच्या इमारतीसमोर बसली, काहींनी उपोषण केलं. आंदोलनाची मागणी एकच: चौकशीच्या सूचना मागे घ्या. वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूने उभी राहिली. सरकारची अडचण अशी, की पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचं मंत्रिमंडळ राष्ट्रीय धार्मिक पक्षाच्या टेकूवर होतं आणि धर्म खातं त्याच पक्षाच्या झेराह वारहाफ्तिग यांच्याकडे होतं. एश्कोल यांनी तरीही सुट्टीत क्नेसेटची खास बैठक बोलावली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी सरकारने निवेदन केलं: भारतातून आलेले बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, कोणत्याही अटीशिवाय, विवाहासह प्रत्येक बाबतीत त्यांचे हक्क इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, रब्बीनेटने लोकभावना ध्यानात घेऊन या समाजाला भेदभावाची जाणीव करून देणाऱ्या गोष्टी दूर कराव्यात. ४३ विरुद्ध २ मतांनी सभागृहाने त्याला पाठिंबा दिला.

ही फार मोठी गोष्ट होती. कोकणातून आलेल्या, देशात जेमतेम काही हजार संख्या असलेल्या, धनाढ्य पाठीराखे नसलेल्या लोकांनी धरण्याच्या जोरावर संसदेला धर्मपीठासमोर उभं केलं. पण निवेदनाचे शब्द नीट पाहावेत. संसदेने कायदा बदलला नाही. रब्बीनेटला आदेश दिला नाही. विनंती केली. लग्नाची किल्ली १९५३ पासून जिच्या हाती होती, तिच्याच हाती राहिली.

दोन आठवड्यांनी, ३१ ऑगस्टला, रब्बीनेटने सूचनेत बदल केला. 'बेने इस्रायल' हे नाव काढलं आणि त्या जागी ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल अशा कोणत्याही व्यक्तीची चौकशी करावी, असं घातलं. समाजाच्या अंगावरचा शिक्का पुसला गेला. शंका कोणाबद्दल घ्यायची, हे मात्र टेबलामागच्या रब्बीनेच ठरवायचं. बहुतेक ठिकाणी त्यानंतर लग्नं सुरळीत लागू लागली आणि अनेक बेने इस्रायल घरांत आज इतर ज्यू जावई-सुना आहेत. तरी १९९० च्या दशकातही एखाद्या शहरातला रब्बी भारतीय आडनाव पाहून नोंद नाकारल्याच्या बातम्या येत राहिल्या आणि समाजाला पुन्हा जुनी कागदपत्रं काढावी लागली.

मुंबईहून लोक जात राहिले. १९५० च्या आसपास भारतात वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आज इथे चार-पाच हजारांवर आला आहे. तिकडे तो कितीतरी पटींनी वाढला आहे. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी काढलं. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोन्ही वारसा आढळला. नवगावची कथा सांगणाऱ्या कोणाला त्यात नवल वाटलं नसेल.

१९६४ मध्ये अर्धवट सुटलेली गाठ वीस वर्षांनी दुसऱ्यांच्या गळ्याशी आली. १९८४-८५ मध्ये इथिओपियाचे ज्यू इस्रायलमध्ये आणले गेले आणि रब्बीनेटने त्यांच्या लग्नाआधी धर्मांतरासारख्या विधीवत स्नानाची अट घातली. १९८५ च्या शरदात तेही जेरुसलेममध्ये मुख्य रब्बीनेटसमोर महिनाभर धरणं धरून बसले. अखेर तोडगा निघाला तो असा: १९८९ पासून नेतान्याचे रब्बी डेव्हिड शेलुश यांना इथिओपियन ज्यूंच्या विवाहनोंदणीचा अधिकार देण्यात आला, कारण ते त्यांना कोणतीही अट न घालता ज्यू मानत होते. स्वतःच्या गावच्या रब्बीने नकार दिला, की जोडपी बस पकडून नेतान्याला जात.